लहान मुलांची इमर्जन्सी: कॅज्युअल्टीत नवीन आलेल्यांसाठी

लहान मुलांच्या इमर्जन्सीला नवीन माणूस घाबरतो ते मुख्यतः डोसमुळे. मोठ्या माणसाला "एक अँप्युल द्या सिस्टर" म्हटलं की विषय संपतो, इथे सगळं किलोवर, आणि आईला वजन विचारावं तर ती म्हणते मागच्या लसीच्या वेळी अंगणवाडीत केलं होतं. तर हे लिहितोय ते इंटर्न, पहिल्या वर्षाचे रेसिडेंट, ग्रामीण रुग्णालयात नुकतेच जॉइन झालेले मेडिकल ऑफिसर आणि बदली होऊन कॅज्युअल्टीत आलेल्या सिस्टर-ब्रदर यांच्यासाठी. पाल्सचा किंवा आयएपीचा (बालरोगतज्ज्ञांची संघटना) एएलएस कोर्स, म्हणजे मुलांचा जीव वाचवायचं प्रशिक्षण, करायचाच आहे, पुतळ्यावर हात बसल्याशिवाय यातलं काही खरं नाही, पण कोर्सची तारीख मिळेपर्यंत ड्युटी तर लागलेलीच असते ना.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मोठ्यांचं हृदय बऱ्याचदा अचानक दगा देतं, मुलांचं तसं नसतं, मुलांचं हृदय बहुतेक वेळा चांगलंच असतं, आधी श्वास हरतो किंवा मूल शॉकमध्ये जातं (अंगात रक्त नीट फिरत नाही), ऑक्सिजन कमी पडतो, मग पल्स हळू हळू कमी होत जाते आणि शेवटी थांबते. म्हणजे थांबायच्या आधी आपल्याला वेळ मिळालेला असतो. तो ओळखण्यात गेला नाही तर पुढे औषधं, विजेचा शॉक, श्वासनलिकेत ट्यूब सगळं करूनही हाताला फार काही लागत नाही, पल्स परत आली तरी मेंदूचं नुकसान होऊन बसलेलं असतं. त्यामुळे हातात अ‍ॅम्ब्यु बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट धरता येणं हे माझ्या मते कुठल्याही औषधापेक्षा मोठं कौशल्य आहे, आणि नेमकं तेच कोणी बसून शिकवत नाही.

पायरी १: हात लावायच्या आधी बघा

मूल आईच्या कडेवर आत येतंय तेव्हाच तीन गोष्टी बघायच्या, स्टेथोस्कोप गळ्यातच राहू दे. चेहरा आणि हालचाल कशी आहे, श्वासाला किती कष्ट पडतायत, रंग कसा आहे. जोरात रडतंय, तुम्हाला बघून आईला बिलगतंय, तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे. मान टाकलीये, डोळे उघडे पण कुणाकडे बघत नाहीये, सुई टोचली तरी रडत नाही, तर तुमचा वेळ संपलाय, थेट ट्रॉलीवर घ्या आणि आवाज देऊन माणसं बोलवा. एकट्याने हिरोगिरी करू नका.

श्वास बघताना कपडे वर करून छाती पोट दोन्ही उघडं करा. पोट उडतंय का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, नाकपुड्या फुलतायत का, आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का. हा कण्हण्याचा आवाज आईला वाटतं पोट दुखतंय म्हणून, पण ते फुफ्फुसं उघडी ठेवायची धडपड असते. रेट पूर्ण एक मिनिट मोजा, २ महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांना ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांना ४० किंवा जास्त म्हणजे फास्ट. आणि सगळ्यात फसवं काय तर, तासभर ७० ने श्वास घेणारं बाळ एकदम ३० वर येतं, गप्प पडून राहतं, आणि नातेवाईक म्हणतात आता जरा शांत झालं. शांत नाही झालं, दमलंय ते. इथे बॅग हातात घ्यायची असते.

पायरी २: वजन

वजनकाटा जवळ असेल आणि मूल त्या अवस्थेत असेल तर करा, नाहीतर अंदाज. नवजात बाळ साधारण ३ किलो, ५ महिन्यांत दुप्पट, वर्षाला तिप्पट, २ वर्षांना चौपट. १ ते ६ वर्षांसाठी वय गुणिले २ अधिक ८, म्हणजे ४ वर्षांचं मूल १६ किलो. ब्रोसेलो टेप असेल तर उत्तम, उंचीवरून रंग आणि रंगावरून डोस, पण ती टेप अमेरिकन मुलांवर बनलेली आहे, आपल्याकडच्या मुलांचं वजन ती जरा जास्तच दाखवते. आणि मेळघाटात किंवा धडगाव-अक्कलकुव्याकडे पोस्टिंग असेल तर कुठलाच फॉर्म्युला डोळे झाकून वापरू नका, ३ वर्षांचं मूल ८ किलोचं असू शकतं. जो काही आकडा ठरेल तो मोठ्याने बोला आणि पांढऱ्या बोर्डवर लिहा, प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं वजन असलं की घोळ होतोच.

पायरी ३: श्वास, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

बाळाचं डोकं मागून मोठं असतं, पाठीवर झोपवलं की मान आपोआप पुढे दुमडते आणि श्वासनलिका दाबली जाते. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खांद्याखाली दुपट्याची छोटी घडी घाला, तोंड छताकडे सरळ, मान फार मागेही नको. मोठ्या मुलाची मान थोडी मागे आणि हनुवटी वर. पडल्याची किंवा अपघाताची हिस्ट्री असेल तर मान न हलवता फक्त जबडा पुढे उचला. तोंडात दूध, उलटी, कफ असेल तर सक्शन, पण थोडक्यात, घशात खोलवर नळी घालत बसलात तर पल्स कमी होते.

मग ऑक्सिजन, रिझर्व्हॉयरवाल्या (ऑक्सिजन साठवणारी पिशवी लावलेल्या) मास्कने पूर्ण फ्लो. इथे एक गोष्ट नवीन लोकांकडून हमखास होते, मूल स्वतः श्वास घेतंय आणि ते अ‍ॅम्ब्यु बॅगचा मास्क नुसता तोंडापुढे धरून उभे राहतात. बॅग दाबल्याशिवाय तिचा व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, मुलाला जवळजवळ काही मिळत नाही. नुसता ऑक्सिजन द्यायचाय तर साधा मास्क वापरा, बॅग घेतली की दाबायची. आणि बॅगला मागे रिझर्व्हॉयर पिशवी लावली आहे का हे ड्युटी सुरू होतानाच बघून घ्या, ती बऱ्याचदा धुवायला काढलेली असते आणि परत कुणी लावलेली नसते.

बॅग करायची कशी? मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खळग्यापर्यंत, डोळ्यांवर दाब नको, हनुवटीच्या खाली घसरायला नको. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकी तीन बोटं जबड्याच्या हाडावर, आणि लक्षात ठेवा, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसतो, चेहरा मास्कमध्ये ओढून घ्यायचा असतो. ती तीन बोटं हाडावरच हवीत, खालच्या मऊ भागावर गेली की जीभ मागे ढकलली जाते आणि मग कितीही दाबा हवा जात नाही. दोन माणसं असतील तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने बॅग दाबायची, मी तर म्हणेन शक्य असेल तेव्हा असंच करा. लय मनात म्हणा, "दाब, सोड, सोड". दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास, म्हणजे मिनिटाला २० ते ३०. किती दाबायची? छाती उचललेली दिसेल एवढीच, त्यापुढे नाही. घाबरलेला माणूस ढोल बडवल्यासारखी बॅग दाबतो, मग हवा पोटात जाते, पोट फुगतं, डायफ्राम वर ढकलला जातो आणि उलटी होऊन फुफ्फुसात जाते. पोट फुगलं तर नाकातून रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) टाकून हवा काढा.

छाती उचलत नसेल तर क्रमाने बघा: पोझिशन, मास्कचं सील, सक्शन, तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी), मोठा मास्क. तरीही नाही तर घशात काही अडकलंय का हा विचार. शेंगदाणा, फुटाणे, सीताफळाची बी, चिंचोका, हे आपल्याकडचे नेहमीचे. खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल आणि शुद्धीवर असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं, डोकं खाली करून पाठीवर ५ थापा आणि मग उताणं करून छातीवर ५ दाब, मोठ्या मुलाला पाठीवर ५ थापा आणि पोटावर ५ दाब, आलटून पालटून. बेशुद्ध पडलं की सरळ सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं). दिसत नसताना बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू अजून खाली जाते.

ट्यूब टाकायची घाई करू नका. बॅग-मास्कने छाती चांगली उचलतेय, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) येतंय तर मूल सुरक्षित आहे, अनुभवी माणूस येऊ दे. तयारी मात्र करून ठेवा. कफवाली (टोकाशी हवेचा फुगा असलेली) ट्यूब वय भागिले ४ अधिक ३.५, बिनफुग्याची असेल तर अधिक ४, शेजारी अर्धा नंबर लहान आणि अर्धा नंबर मोठी अशा दोन अजून. खोली साधारण ट्यूबच्या नंबरच्या तिप्पट, म्हणजे ४ नंबरची ट्यूब १२ सेंटीमीटरवर ओठापाशी. ट्यूब टाकल्यावर अचानक बिघडलं तर ट्यूब सरकली का, कफाने बंद झाली का, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) झाला का, ऑक्सिजन किंवा मशीन बंद पडलं का, या चार गोष्टी. काहीच कळेना तर ट्यूब काढा आणि परत बॅग-मास्क, त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ४: रक्ताभिसरण आणि सलाईन

बीपीवर विसंबू नका. मुलं शॉकमध्ये बराच वेळ बीपी टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात, त्यामुळे बीपी पडलं म्हणजे उशीर झालेला आहे. आधी दिसतं ते हे: पल्स फास्ट, हातपाय गार (कोपरापर्यंत गार की फक्त पंजे, हे हात फिरवून बघा), छातीवर ५ सेकंद दाबून सोडल्यावर रंग यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागतात, लघवी सकाळपासून नाही, मूल मलूल. बीपीची खालची मर्यादा १ ते १० वर्षांना ७० अधिक वयाची दुप्पट, तान्ह्या बाळाला ७०, नवजाताला ६०.

लाईनसाठी (शिरेत बसवायची सुई) पिवळी २४ किंवा निळी २२, दोन जणांनी दोन हातांवर एकाच वेळी बघा. मूल खरंच जाण्याच्या मार्गावर असेल आणि मिनिट-दीड मिनिटात लाईन लागली नाही तर हाडात सुई, म्हणजे आयओ. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या १ ते २ सेंटीमीटर खाली आणि आतल्या बाजूला नडगीचा सपाट भाग, तिथे काटकोनात फिरवत फिरवत आत, एकदम अडथळा गेल्यासारखं वाटलं की थांबा. सुई स्वतः उभी राहिली आणि सलाईन सूज न येता गेलं की बसली. तिच्यातून सगळं देता येतं, अ‍ॅड्रिनलिन, फ्लुइड, रक्त, अँटिबायोटिक. लोक हाडात सुई म्हटलं की कचरतात आणि पंधरा ठिकाणी टोचत बसतात, त्यात वीस मिनिटं जातात.

बोलस (एका दमात द्यायचं सलाईन) १० ते २० मिली प्रति किलो, एनएस किंवा आरएल. ड्रिपने लटकवून चालत नाही, थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून ५० मिलीच्या सिरिंजने ओढा आणि ढकला. प्रत्येक बोलसनंतर थांबून बघा: पल्स उतरली का, हातपाय गरम झाले का, आणि लिव्हर. बोलसच्या आधी लिव्हरच्या कडेवर पेनाने खूण करून ठेवा. नंतर ती खाली आली किंवा फुफ्फुसात करकर ऐकू आली की फ्लुइड बंद. केनिया, युगांडा आणि टांझानियात ३ हजारांहून जास्त आजारी मुलांवर फीस्ट नावाची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले, त्यात ताप आणि शॉकची लक्षणं असलेल्या मुलांना पटापट बोलस दिल्याने मृत्यू कमी न होता वाढले. त्या ठिकाणी व्हेंटिलेटर-आयसीयू नव्हते, आपल्या अनेक रुग्णालयांतही नसतात, तेव्हा हा मुद्दा आपल्याला लागू आहे. जुलाबाने कोरडं पडलेलं मूल वेगळं, त्याला पाणी हवंच असतं. तीव्र कुपोषित मुलाला मात्र १५ मिली प्रति किलो, तेही तासाभरात. डेंग्यूमध्ये बीपी टिकून असेल तर १० मिली प्रति किलो तासाभरात, बीपी लागतच नसेल तर २० मिली प्रति किलो १५ मिनिटांत.

दोन-तीन बोलसनंतरही हललं नाही तर अ‍ॅड्रिनलिनचं इन्फ्युजन (मोजून सतत देणं) सुरू करा, चांगल्या हाताच्या लाईनमधून सुरुवातीला चालतं, सेंट्रल लाईनची वाट बघू नका. गणित सोपं आहे: ०.३ मिलिग्रॅम गुणिले वजन, एवढं अ‍ॅड्रिनलिन घेऊन एकूण ५० मिली करा, मग ताशी १ मिली म्हणजे ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. १० किलोच्या मुलाला ३ अँप्युल.

आणि शुगर. कुठल्याही बेशुद्ध, फिट आलेल्या किंवा मलूल मुलाची शुगर पहिल्या पाच मिनिटांत झालीच पाहिजे, हे विसरलं जातं कारण ग्लुकोमीटर नेहमी दुसऱ्या वॉर्डात असतो. कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज ५ मिली प्रति किलो. २५ टक्केवालंच असेल तर २ मिली प्रति किलो, शक्यतो पातळ करून. फिट चालू असेल आणि लाईन नसेल तर मिडॅझोलम नाकात ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, लाईन असेल तर लोराझेपाम ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो.

पायरी ५: पल्स लागत नाही

१० सेकंदांपेक्षा जास्त शोधू नका. बाळाची दंडाच्या आतून, मोठ्या मुलाची मानेत किंवा जांघेत. लागत नाही, किंवा ऑक्सिजन आणि बॅग चालू असूनही ६० च्या खाली आहे आणि रंग खराब आहे, तर कॉम्प्रेशन सुरू. हे ६० चं नवीन लोकांना पटकन पचत नाही, पल्स आहे तर छाती कशाला दाबायची म्हणतात, पण तेवढ्यावर तान्ह्या बाळाचा मेंदू चालत नाही.

बाळाला दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून दोन अंगठ्यांनी, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली. पूर्वी शिकवायचे ती दोन बोटांची पद्धत आता सोडलीये, हातात मावत नसेल तर एका तळहाताची टाच वापरा. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, बाळाला ४ सेंटीमीटर, मुलाला ५. वेग १०० ते १२०. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोघे असाल तर १५ दाब २ श्वास, एकटे असाल तर ३० आणि २. ट्यूब असेल तर न थांबता दाब आणि दर २-३ सेकंदांना श्वास. दर २ मिनिटांनी माणूस बदला, वॉर्डबॉय मामांनाही शिकवून ठेवा, रात्री दोन वाजता तेच असतात.

अ‍ॅड्रिनलिन. आपल्याकडे अँप्युल १ मिलीमध्ये १ मिलिग्रॅमचा येतो. १० मिलीच्या सिरिंजमध्ये तो आख्खा ओढा, वर ९ मिली एनएस, हलवा, चिकटपट्टी लावून "१:१००००" लिहा. आता दर किलोला ०.१ मिली, १० किलोला १ मिली, मागून ५ मिली एनएसचा फ्लश. दर ३ ते ५ मिनिटांनी. पहिला डोस जितका लवकर तितकं बरं, पाच मिनिटांच्या आत गेलाच पाहिजे. न पातळ केलेलं अ‍ॅड्रिनलिन फक्त अ‍ॅनाफिलॅक्सिसला (जिवावर बेतणारी अॅलर्जी), मांडीच्या स्नायूत ०.०१ मिली प्रति किलो, शिरेत कधीच नाही. या दोन सिरिंज एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवायच्या नाहीत.

मॉनिटरवर सरळ रेघ किंवा कॉम्प्लेक्स (हृदयाच्या विजेच्या लाटा) आहेत पण पल्स नाही, तर विजेचा शॉक नाही, फक्त सीपीआर आणि अ‍ॅड्रिनलिन. मुलांमध्ये बहुतेकदा हेच असतं. शॉक लागणारी रिदम (हृदयाची लय) शोधायची कुणामध्ये? खेळताना सगळ्यांसमोर अचानक कोसळलेलं मूल, जन्मजात हृदयविकार, मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूची सूज), विजेचा धक्का. तिथे पहिला शॉक २ ज्यूल प्रति किलो, दुसरा ४, नंतर ४ किंवा जास्त, लगेच परत कॉम्प्रेशन, शॉकनंतर मॉनिटरकडे बघत बसायचं नाही. दुसऱ्या शॉकनंतर अ‍ॅड्रिनलिन, तिसऱ्यानंतर अमियोडारोन ५ मिलिग्रॅम प्रति किलो.

हे चालू असताना एकाने फक्त विचार करायचा, कारण काय? ऑक्सिजन, पाणी किंवा रक्त कमी, पोटॅशियम, शुगर, गारठा, न्यूमोथोरॅक्स, विष.

आपल्या भागातले तीन पेशंट

लाल विंचू चावलेलं मूल, कोकणात हे नेहमीचं. घामाने ओलं, हातपाय बर्फासारखे गार, पल्स फास्ट, म्हणजे दिसायला अगदी शॉक, आणि हात आपोआप बोलसकडे जातो. पण फुफ्फुसात पाणी होण्याकडे त्याची वाटचाल असते, आधी फुफ्फुसं ऐका. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून ही मुलं वाचवता येतात हे दाखवलं, तोंडाने ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, मूल झोपवून ठेवून बीपी बघत.

मण्यार चावलेलं मूल पहाटे पोटदुखी, उलटी घेऊन येतं, खूण सापडत नाही, मग पापण्या जड होतात, मान पडते, श्वास उथळ. पुढे बाहुल्या पसरलेल्या, काहीच हलत नाही, बघणाऱ्याला वाटतं संपलं. मेंदू शाबूत असतो, फक्त स्नायू हलत नाहीत. अँटिव्हेनम मोठ्यांएवढंच, वजनावर नाही, आणि बॅग चालू. तास न् तास. मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचेपर्यंत बॅग दाबत राहिल्याने ही मुलं घरी जातात.

तिसरं फवारणीचं औषध प्यायलेलं. तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या. अ‍ॅट्रोपिन ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो, दर ५ मिनिटांनी दुप्पट, फुफ्फुसं कोरडी होईपर्यंत, बाहुल्यांकडे किंवा पल्सकडे बघून थांबायचं नाही. आणि स्वतः ग्लोव्ह्ज घाला, मुलाचे कपडे काढून टाका.

पल्स आल्यावर

सॅच्युरेशन ९४ ते ९९, उगाच १०० वर ताणू नका. बॅग आता हळू, जोशात जास्त श्वास दिले तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी होतो. ताप येऊ देऊ नका, शुगर परत करा, फिट आली तर लगेच थांबवा.

आईवडिलांना बाहेर ढकलून दार लावायची आपली सवय आहे. एखाद्या सिस्टरला त्यांच्याजवळ उभं करा आणि मुलाजवळ थांबायचं असेल तर थांबू द्या, काय चाललंय ते साध्या भाषेत सांगत राहा, "बाळाचं हृदय थांबलंय, आम्ही ते चालू करायचा प्रयत्न करतोय". "सिरियस आहे" एवढंच ऐकलेला बाप नंतर कशावरच विश्वास ठेवत नाही.

रेफर करायचं तर १०८ बोलवायच्या आधीच पुढच्या हॉस्पिटलला फोन, बेड आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत का विचारा, बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. चिठ्ठीवर वजन, किती वाजता काय दिलं, एकूण किती फ्लुइड, ट्यूबचा नंबर आणि ओठापाशी किती सेंटीमीटर. निघण्याआधी ट्यूब आणि दोन्ही लाईन नव्याने चिकटवा, सिलिंडरचा काटा स्वतः बघा, ड्रायव्हरवर सोडू नका. सोबत बॅग, मास्क, सक्शन आणि भरून लेबल लावलेली अ‍ॅड्रिनलिनची सिरिंज. गाडी गेटबाहेर पडली की इमर्जन्सी ट्रॉली लगेच भरून घ्या, पुढचं मूल दहा मिनिटांतही येऊ शकतं.